त्रिकोणाआधी चौक होता : वारली चित्र आणि मुलांची पहिली ओळख

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत चित्रकलेच्या तासाला ‘वारली’ शिकवले जाते, आणि ते साधारण एकाच रीतीने शिकवले जाते. एक त्रिकोण उलटा, त्याखाली एक सुलटा, टोकाला टोक. वर डोक्याचा गोल, बाजूंना काड्यांसारखे हातपाय. माणूस तयार. अशी दहा-बारा माणसे फेर धरून उभी केली, मध्ये एक वाद्य वाजवणारा बसवला, कोपऱ्यात एक झोपडी आणि एक ताडाचे झाड काढले की चित्र पूर्ण. तास संपतो, मुलांना चित्र ‘येते’, आणि त्या चित्रामागच्या माणसांविषयी एकही शब्द बोलला गेलेला नसतो.

या पद्धतीत चूक अशी काही नाही. मुलाच्या हाताला आत्मविश्वास देणारी इतकी सोपी आणि सुंदर आकृती क्वचितच सापडेल. पण इतिहास म्हणून पाहिले तर ही ओळख मधूनच सुरू होते. वारली चित्राचा प्रारंभ त्रिकोणापाशी नाही, गोलापाशीही नाही. तो चौकोनापाशी आहे. वारली समाज त्याला ‘चौक’ म्हणतो.

हा समाज मुख्यतः आजच्या पालघर जिल्ह्यात, म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागांत, आणि त्याला लागून असलेल्या गुजरात व दादरा-नगर हवेलीच्या पट्ट्यात राहतो. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. जुन्या पुस्तकांत ‘ठाण्याचे वारली’ असा उल्लेख येतो, तो यामुळे.

कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचे लिंपण आणि त्यावर गेरूचा हात, ही या घराची भिंत. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चेचलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. परंपरेने ही भिंत रोज रंगत नसे. ती रंगे लग्नात. पिके हाती येऊन गेली की लग्नांचे दिवस येत, आणि घरातल्या आतल्या, अंधाऱ्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहीत. ‘लिहिणे’ हाच तिथला शब्द. चित्र ‘काढले’ जात नाही, चौक ‘लिहिला’ जातो.

चौकाच्या चारही बाजूंना नक्षीच्या पट्ट्यांची जाड किनार असते. ती किनार भरायलाच सर्वांत अधिक वेळ लागतो. आत मधोमध पालघट देवी. पालघट म्हणजे सुफलतेची देवता. तिचे हात पसरलेले, आकार साधा, पण सारा चौक तिच्याभोवती उभा राहतो. भोवताली झाडे, प्राणी, नाचणारी माणसे, लग्नाच्या कामाची लगबग. शेजारी एक लहान चौक असतो. त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव, ज्याच्या धडातून पाच कणसे फुटलेली असतात. धान्य, लग्न आणि संतती या तीन गोष्टी या भिंतीवर वेगळ्या काढता येत नाहीत.

हे काम एकटीचे नसे. तीन-चार बायका मिळून चौक लिहीत. एकीने रेघ ओढायची, दुसरीने पट्टी भरायची. लग्न लावणारीही स्त्रीच. तिला ‘धवलेरी’ म्हणतात. ती गाण्यांतून देवदेवतांना बोलावते आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. पालघट चौकात आली नाही तर लग्न पुरे होत नाही, ही श्रद्धा. म्हणजे ज्याला शहराने पुढे ‘सजावट’ म्हटले, तो मुळात विधीचा कणा होता.

आणि मुले? ती तिथेच असत. चौक लिहिणाऱ्या बायकांच्या अवतीभोवती, त्यांच्या पाठीशी, पिठाच्या वाटीत बोट बुडवायला टपलेली. त्यांना कोणी चित्रकला शिकवली नाही. आई, आत्या, मावशी यांचे हात चालताना त्यांनी पाहिले, कानावर धवलेरीची गाणी पडली, आणि पुढच्या लग्नात एखाद्या मुलीच्या हाती किनारीची एक पट्टी भरायला काडी आली. वारली मुलांची या कलेशी पहिली ओळख झाली ती अशी. आकृती नंतर आली. प्रसंग, गाणे आणि माणसे आधी आली.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. वारली चित्रकला ‘हजारो वर्षे जुनी’ आहे असे विधान समाजमाध्यमांवर सर्रास फिरते, सोबत भीमबेटकाच्या गुहाचित्रांचे छायाचित्र जोडलेले असते. दोन्हींतल्या माणसांच्या आकृती एकमेकींसारख्या दिसतात, हे खरे. पण सारखे दिसणे म्हणजे सलग परंपरा असणे नव्हे. कुडाच्या भिंतीवरचे पिठाचे चित्र काही वर्षांतच झडते, नाहीतर पुढच्या लिंपणाखाली जाते. त्यामुळे पाचशे किंवा हजार वर्षांपूर्वी या भिंतींवर नेमके काय होते, याचा भिंतींतून मिळणारा पुरावा असूच शकत नाही. परंपरा जुनी आहे असे म्हणता येते. ‘दहा हजार वर्षे’ असा आकडा सांगता येत नाही. इतिहासाची आवड असलेल्या मुलाला हा फरक लवकर समजला तर बरे.

त्यापेक्षा जवळचा आणि कागदोपत्री नोंदलेला इतिहास मात्र या चित्रांसोबत फारसा सांगितला जात नाही. जो समाज लग्नाची इतकी देखणी चित्रे लिहीत होता, त्याच समाजात लग्न हेच गुलामीचे दार होते. लग्नाच्या खर्चासाठी वारली तरुण सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे उचले आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. व्याज फिटत नसे, मुद्दल हलत नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कित्येकांचे आयुष्य त्यात संपले.

१९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने डहाणू, उंबरगाव भागात वारल्यांचा लढा उभा केला. वेठबिगार बंद आणि लग्नगडी मुक्त, या त्याच्या पहिल्या मागण्या. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चौकातली ती नाचणारी माणसे पाहताना हे साल आठवले की चित्र वेगळे दिसू लागते. ज्या लग्नाने जोडप्याला सावकाराच्या दावणीला बांधले जाण्याची भीती होती, त्याच लग्नाची भिंत इतक्या निष्ठेने लिहिली जात होती.

त्याच वर्षी, त्याच मुलखात आणखी एक काम सुरू झाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. तिथे एक अडचण पुढे आली. मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायला जात. मग शाळाच कुरणात नेली गेली. गुरे चरत असताना तिथेच धडे, तिथेच खेळ. तिला ‘कुरणशाळा’ नाव मिळाले. पाड्यातल्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. पाने, बिया, खडे, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य. मुलाला त्याच्या जगातून उचलून वर्गात बसवण्याऐवजी वर्ग त्याच्या जगात नेणे, हा विचार. चित्रकलेच्या इतिहासात कोसबाडचे नाव सहसा येत नाही. पण ‘मुलांना लोककलेची ओळख कशी करून द्यावी’ या प्रश्नाचे उत्तर त्या टेकडीवर वेगळ्या विषयाच्या निमित्ताने मिळून गेले होते.

याच तालुक्यांत एक मुलगा वाढत होता. जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा. लहानपणीच आई गेली. त्या धक्क्याने त्याचे बोलणे थांबले आणि पुढची काही वर्षे तो धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत असे, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही. मोठेपणी दुसऱ्याच्या शेतात मजुरी. चौक लिहिणे हे बायकांचे काम; पुरुषाने काडी हाती घ्यावी असा रिवाज नव्हता. जिव्याने घेतली. तीही लग्न असो वा नसो, रोज.

हे सारे एका पाड्यात घडले आणि तिथेच विरले असते, जर दूर बिहारमध्ये दुष्काळ पडला नसता. १९६६-६७ च्या त्या दुष्काळात, मिथिला भागातल्या स्त्रिया लग्नाच्या ‘कोहबर’ खोलीच्या भिंतींवर जी चित्रे काढत, तीच त्यांनी कागदावर काढावीत आणि त्यातून चार पैसे मिळावेत, अशी योजना अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी पुढे नेली. ती अमलात आणण्यासाठी त्यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवले. त्यांनी गावोगाव कागद वाटले. सीतादेवी, गंगादेवी, जगदंबादेवी ही नावे देशाला माहीत झाली ती त्यानंतर. जगदंबादेवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणूकडे आले, तेही कागद घेऊन. इथेही लग्नाचे चित्र, इथेही भिंत, इथेही चित्रकर्त्या स्त्रियाच. पण निकाल उलटा लागला. मिथिलेत कागदाने स्त्रियांना नाव दिले. डहाणूत ते एका पुरुषाला मिळाले. परक्या माणसासमोर बसून, विधीबाहेर, एकटीने चित्र काढण्याची सवय इथल्या बायकांना नव्हती. मुखत्यारीने पुढे येणे त्यांना अवघड गेले. जिव्याला मात्र विधीचे बंधन मुळातच नव्हते. त्याने ते आधीच ओलांडले होते. कागदाला एक सही लागते, आणि तीन-चार जणींनी मिळून लिहिलेल्या चौकाखाली कोणाची सही घालायची, हा प्रश्न त्या भिंतीला कधी पडलाच नव्हता.

पुढचे टप्पे भराभर आले. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये जिव्या म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात जगभरातल्या शंभरावर कलावंतांचे जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात युरोप-अमेरिकेतल्या नामवंतांच्या बरोबरीने डहाणूचे जिव्या म्हसे होते आणि मिथिलेच्या बौआदेवीही होत्या. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला इंग्लंडचे रिचर्ड लाँग आणि म्हसे यांचे जोडप्रदर्शन झाले. लाँग हे मैलोन्‌मैल चालून, वाटेत दगडांची वर्तुळे आणि रेघा मांडून कला घडवणारे. माती आणि रेघ या दोन गोष्टींवर दोघांचा विश्वास. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री.

पुरस्कारांची ही यादी भरघोस असली तरी खरी गंमत चित्रांत आहे. चौकाच्या बाहेर पडल्यावर म्हसे यांनी काय केले? भिंतीवर पालघट मध्यभागी बसलेली असे. कागदावर मध्य नाहीसा झाला. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. अख्ख्या कागदावर एक जाळे पसरलेले, लहान लहान रेघांनी विणलेले, वळणे घेत जाणारे; आणि त्याच्या कडेला माणसे इतकी इवलीशी की शोधावी लागतात. मुंग्यांची रांग, लावणीचे शेत, तारपा नाच, सगळीकडे तीच गोष्ट. आकृत्या जवळजवळ स्थिर असतात, पण चित्र हलत असते. रेघ ठिपक्यांत तुटते आणि पुन्हा जुळते. शाळेत शिकवला जाणारा ‘दोन त्रिकोणांचा माणूस’ इथेही आहे; फरक एवढाच की म्हसे यांचा माणूस कधी उभा नसतो, तो काहीतरी करत असतो. ओझे उचलतो, वाकतो, पळतो, झाडावर चढतो. त्रिकोणांच्या टोकाशी असलेली ती बारीक कंबर त्यासाठीच आहे. तिथून माणूस वाकतो.

तारप्याच्या फेराचेही तसेच. भोपळा आणि बांबू यांचे हे लांब वाद्य फुंकणारा मध्ये असतो, आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती वळतात. तो वळला की साखळी वळते. चित्रात दिसणारा तो शंखासारखा फेर ही नक्षी नाही; नाचाची खरीखुरी वाट आहे. मुलांना कागदावर फेर काढायला लावण्याआधी अंगणात एकदा तसा फेर धरायला लावला, तर रेघ आपोआप वळते.

जिव्या म्हसे यांना सर्वत्र ‘स्वयंशिक्षित चित्रकार’ म्हटले जाते. कलाशाळेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण हा शब्द अर्धवट आहे. धुळीत रेघा ओढणारा मुलगा एकटा असला, तरी त्या रेघांचे घराणे होते. ती किनार, ते पांढऱ्या पिठाचे वळण, तो गेरू, हे त्याने कोणत्या तरी लग्नघरातल्या कोणत्या तरी बायकांकडून पाहिले होते. यशोधरा डालमिया यांनी १९८० च्या दशकात वारली चित्रांवर जे पुस्तक लिहिले, त्यात विधी, कथा आणि चौक यांना मोठी जागा दिली ती यामुळेच. ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाने गुरू नव्हता असे सुचते. इथे गुरू होत्या, फक्त त्यांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत.

आणि म्हणून ‘लोककला’ व ‘स्वयंशिक्षित चित्रकार’ ही जोडी मुलांसमोर ठेवताना त्यांतला ताण लपवू नये. एकीकडे नाव नसलेला समूह, दुसरीकडे नाव असलेला एकटा. म्हसे यांचे मोठेपण त्या बायकांमुळे उणे होत नाही. विधीतून चित्र वेगळे काढून त्याला रोजच्या जगण्याकडे वळवण्याचे धाडस त्यांचेच. त्यांच्यानंतर सदाशिव आणि बाळू या त्यांच्या मुलांनी, आणि पाड्यापाड्यांतल्या अनेक तरुणांनी, काडी हाती घेतली. पुरुषांची ही नवी परंपरा अवघ्या पन्नास वर्षांची आहे. मुलांना वारली म्हणून जे दिसते, ते बहुतांशी हीच नवी परंपरा.

दरम्यान बाजार आला. साड्या, कप, बसस्थानके, उड्डाणपुलांचे खांब, सगळीकडे दोन त्रिकोणांची माणसे नाचू लागली, आणि ती काढणारा हात वारली असेलच असे राहिले नाही. आदिवासी तरुणांच्या संघटनांच्या प्रयत्नांनंतर वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे नाव लावून माल विकण्यावर आता कायद्याची काही मर्यादा आहे. शाळेतल्या मुलाने वहीत वारली काढण्याला अर्थात कसलीच आडकाठी नाही, नसावीही.

प्रश्न तासाच्या क्रमाचा आहे. आज आधी आकृती येते आणि बाकीचे येतच नाही. क्रम उलटून पाहण्यासारखा आहे. आधी रिकामा चौकोन काढायचा आणि विचारायचे, तुमच्या घरातल्या लग्नात काय काय झाल्याशिवाय लग्न लागत नाही? कोणी हळद सांगेल, कोणी निकाह, कोणी आंब्याची डहाळी, कोणी मामाच्या हातचे तांदूळ. ते चौकात काढायचे. एका चौकावर एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून. सही कोणी करायची यावरून भांडण होईल, होऊ द्यावे. त्या भांडणातून डहाणूच्या बायकांची गोष्ट निघते, तिथून जिव्याची आणि तिथून १९४५ ची.

जिव्या सोमा म्हसे १५ मे २०१८ रोजी गेले. त्यांच्या कागदांवरची आणि कापडांवरची चित्रे जगभरच्या संग्रहांत आहेत, काचेआड, नाव आणि सालासह. कुडाच्या भिंतीवर लिहिलेले चौक तिथे नाहीत. लग्न झाले, पावसाळे गेले, भिंत पुन्हा लिंपली गेली, आणि पुढच्या लग्नाच्या वेळी त्याच गेरूवर बायका पुन्हा चौकाची पहिली रेघ ओढायला बसल्या.